क्लच न दाबता

व्याही काय म्हणाले ते उस्तादांना ऐकू आलं नाही. पण सगळे आपल्याकडे बघून हसताहेत एवढं दिसलं, तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, "उत्तम."

त्याबरोबर व्याह्यांनी गाडीची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

उस्तादांनी किल्लीकडे पाहिलं. आपण कशाला तरी होकार देऊन बसलो एवढं त्यांच्या ध्यानात आलं, पण कशाला ते कळेना. व्याह्यांनी मग डावा पाय जमिनीवरून उचलून हवेत धरला, बोट हलवून 'नाही नाही' अशी खूण केली आणि दोन बोटांनी हवेतला दांडा पुढेमागे केला. विहीणबाई तोंडावर हात धरून हसल्या. तेव्हा कुठे उलगडा झाला. क्लच न दाबता गिअर टाकून दाखवा, असं व्याह्यांचं म्हणणं होतं.

"आता? इथं?" उस्ताद म्हणाले.

"मग काय मुहूर्त बघायचाय?" हे मात्र व्याही समोर उभं राहून, चांगलं खणखणीत बोलले. आधीचं वाक्य ते बॉनेटमध्ये डोकं घालून बोलले होते, म्हणून निसटलं होतं. "लग्नात तुमच्या दोस्तांनी या गोष्टीनं आमचे कान किटवले होते. एकदा डोळ्यांनी बघू तरी. आणि तुम्हीच तर आत्ता उत्तम म्हणालात."

जावयानं जुनी गाडी घेतली होती. लहानशी, पांढरी, मागच्या दारावर खरचटलेली. ती दाखवायला म्हणून लेक, जावई आणि लेकीचे सासूसासरे सकाळीच आले होते. चहा झाला, मग सगळे फाटकाबाहेर गाडीभोवती उभे राहिले. जावयानं इंजिन चालू करून दाखवलं. उस्तादांनी बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि पारख केल्यासारखं म्हणाले, "इंजिन मात्र शांत आहे हो. एकदम शांत."

जावयानं वडिलांकडे पाहिलं. गाडीच्या सायलेन्सरला भोक होतं. ती गल्लीत शिरली तेव्हा समोरच्या घरातला म्हातारा कोण आलं ते बघायला बाहेर आला होता.

"सायलेन्सर बदलायचाय तेवढा," जावई हळूच म्हणाला.

"हो ना," उस्ताद म्हणाले.

उस्ताद हे नाव त्यांना कारखान्याच्या मोटारखात्यानं दिलं होतं. तिथं ते साहेबलोकांच्या गाड्या चालवत. खात्यात ड्रायव्हर पुष्कळ होते, पण चालत्या गाडीचा गिअर क्लचला पाय न लावता बदलणारे हे एकटे. नवीन आलेल्या ड्रायव्हरला शेजारी बसवून ते दाखवत. ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलायचा. इंजिनाचा जोर सुटतो आणि चाकांची ओढ अजून लागलेली नसते, असा एक क्षण येतो. त्या क्षणी दोन बोटांनी गिअर काढून दांडा मधे आणायचा आणि थांबायचं. इंजिनाचा आवाज खाली उतरत येतो. तो चाकांच्या वेगाशी जुळला, की दांडा आपोआप पुढच्या गिअरमध्ये ओढला जातो, ढकलावा लागत नाही. खालचा गिअर टाकायचा असेल तर दांडा मधे असताना ॲक्सिलरेटरला हलकासा टोला देऊन आवाज वर न्यायचा, आणि जुळला की सोडून द्यायचा. गाडी जागेवरून हलवताना क्लच लागतो, त्याला इलाज नाही. एकदा गाडी सुटली की डावा पाय आपला झोपला तरी चालेल. "हे हाताचं काम नाही," उस्ताद सांगत, "कानाचं आहे. कान लावून बसा. गाडी सांगते कधी ते."

एकदा घाटात क्लचची वायर तुटली होती. मागे बडे साहेब झोपलेले. उस्तादांनी गाडी न थांबवता, सगळे गिअर कानावर टाकत, ती कारखान्याच्या फाटकापर्यंत आणली. साहेब फाटकाशी जागे झाले, जांभई देत म्हणाले, "आलो का?" वायर तुटल्याचं त्यांना वर्कशॉपचा कागद समोर आला तेव्हा समजलं. ही गोष्ट खात्यात इतक्या वेळा सांगितली गेली, की ती ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना आपण त्या गाडीत होतो असं वाटू लागलं होतं.

नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती तेव्हा कान जायला लागला. आधी पक्षी गेले, मग घड्याळाची टिकटिक, मग बायकांचे आवाज. एक दिवस रिकाम्या गाडीत, एकटे असताना, गिअर खरखरला. आवाज जुळलाच नव्हता. त्या दिवसापासून उस्ताद इतर चारचौघांसारखे मुकाट्यानं क्लच दाबून गिअर टाकू लागले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण चालवणाऱ्याच्या पायाकडे कोण बघतं. ते निवृत्त झाले तेव्हा सत्काराला हीच घाटातली गोष्ट सांगितली गेली आणि उस्ताद मान खाली घालून ऐकत बसले. ऐकत म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत.

चष्मा लागला तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं, दात काढले तेव्हाही नाही. पण कान गेला हे ते स्वतःशीसुद्धा कबूल करत नसत. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं म्हणणं. बायकोनं एकदा डॉक्टरांचा विषय काढला तर जेवणाच्या ताटावरून उठून गेले. मग तिनं तो विषय सोडला आणि नुसतीच त्यांच्या समोर येऊन बोलू लागली. फोन तीच घ्यायची. टीव्हीचा आवाज वाढला की खिडक्या तीच लावायची.

बाकी जगासाठी त्यांनी तीन शब्द ठरवले होते. समोरचा हसत असला तर "उत्तम". काही विचारतोय असं वाटलं तर "हो ना". चेहरा पडलेला असला तर "चालायचंच". या तीन शब्दांवर माणूस किती दिवस काढू शकतो, त्याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटे. कधी कधी अंगाशी यायचं. शेजारच्या बाईंनी नळ गेल्याचं सांगितलं तेव्हा ते "उत्तम" म्हणाले होते, कारण बाई सवयीनं हसत बोलत. पण एकंदरीत वेळ मारून नेली जात होती. उलट नातेवाइकांत बोललं जायचं, की निवृत्त झाल्यापासून उस्ताद किती समंजस झालेत. पूर्वी दुसऱ्याला बोलू देत नसत, आता शांतपणे सगळं ऐकून घेतात, मधे तोंड घालत नाहीत. लोक आपली गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसत आणि मन हलकं करून जात. ते उठून गेले की उस्तादांना चोरी केल्यासारखं वाटे.

लेक पूर्वी दर थोड्या दिवसांनी यायची. गेले कित्येक महिने आली नव्हती. फोन आईला करायची, तोही कामापुरता. नवं घर लावतेय, वेळ होत नसेल, अशी उस्तादांनी समजूत घातली होती. आज आली तर सरळ स्वयंपाकघरात गेली. चहाचा कप त्यांच्या हातात दिला तो त्यांच्याकडे न बघता.

"बसा, बसा सगळे," व्याही दरवाजे उघडत म्हणाले. ते स्वतः पुढे बसले. मागे उस्तादांची बायको, विहीणबाई आणि लेक. जावयाला जागा उरली नाही, तो शेजाऱ्यांची मोटारसायकल घेऊन मागून निघाला.

बायको गाडीत चढण्याआधी खिडकीशी आली. ओठ ठळक हलवत म्हणाली, "राहू दे ना. गुडघा दुखतोय म्हणा."

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. गुडघ्याचं खरंच सांगता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांत जी कीव होती ती बघून त्यांना राग आला. "बस मागे," ते म्हणाले.

पहिला गिअर क्लच दाबून टाकला, गाडी गल्लीबाहेर काढली. व्याही त्यांच्या पायांकडे वाकून बघत होते. उस्तादांनी डावा पाय उचलून मागे घेतला आणि सीटखाली दडवला. रस्ता मोकळा होता. वेग आला तसा उजवा पाय सैल केला, गिअर काढला, थांबले. कानात फक्त लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी घरघर होती. ती वर होती का खाली, काही समजेना. पण इतक्या वर्षांची सवय हातात कुठेतरी शिल्लक होती. हातानं जेवढं थांबायचं तेवढं थांबून दांडा खाली ओढला, आणि तो गेला. अलगद गेला.

"अगं बाई," विहीणबाई म्हणाल्या असाव्यात, कारण व्याही मागे वळून टाळी वाजवत होते.

तिसराही पडला. उस्तादांच्या अंगातून काहीतरी गरम वर चढलं. त्यांना वाटलं, कान गेलाच नव्हता, उगीच भ्यायलो होतो. त्यांनी आरशात बायकोकडे पाहिलं, बघितलंस ना अशा अर्थानं. तिचे दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर घट्ट होते. तिच्या शेजारी लेक खिडकीबाहेर बघत होती.

पुढे पुलाचा चढ लागला. गाडीत पाच माणसं, इंजिन दमायला लागलं. ते ऐकू आलं नाही, पण सीट थरथरली तेव्हा कळलं. दुसरा गिअर हवा होता. खालचा गिअर टाकणं कठीण काम, पूर्वी ते त्याचाच दिमाख मिरवत. त्यांनी दांडा मधे आणला, ॲक्सिलरेटरला टोला दिला आणि ऐकलं. काहीच आलं नाही. हाताच्या अंदाजानं त्यांनी दांडा खाली ओढला.

तळहाताला बारीक खरखर लागली, काटेरी काहीतरी मुठीत धरल्यासारखी. जुनी गाडी, दांडा जड असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी आणखी जोर दिला. तेवढ्यात त्यांची नजर आरशात गेली. विहीणबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते, डोळे गच्च मिटले होते. फुटपाथवरून जाणारी दोन माणसं थांबून गाडीकडे बघत होती. व्याही त्यांच्याकडे पूर्ण वळून, दात दिसतील इतकं तोंड उघडून काहीतरी बोलत होते.

उस्तादांना ते हसताहेत असं वाटलं.

"उत्तम," ते म्हणाले, आणि मूठ आवळून दांडा सगळ्या जोरानं खाली ओढला.

आत काहीतरी तुटलं. तेही त्यांना ऐकू आलं नाही, खांद्यापर्यंत जाणवलं मात्र. दांडा एकदम सैल पडला, भांड्यातल्या पळीसारखा कुठेही फिरू लागला. गाडी चढावर मंदावली, थांबली, आणि मागे घरंगळू लागली. उस्तादांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. आता, गाडी उभी राहिल्यावर, व्याह्यांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला.

"क्लच दाबा म्हणून ओरडतोय मी केव्हाचा! थांबा म्हणतोय!"

उस्तादांनी पुन्हा आरशात पाहिलं. लेक आता खिडकीबाहेर बघत नव्हती. ती आरशातून त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विसरलेलं काहीतरी आठवायचा प्रयत्न करताना माणूस बघतो तशी ती बघत होती.

जावयानं मोटारसायकल बाजूला लावली आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवून वाट करून दिली. त्यानं, व्याह्यांनी आणि फुटपाथवरच्या दोघांनी धरून गाडी हळूहळू मागे, पुलाच्या पायथ्याशी आणली. उस्ताद स्टिअरिंगवर बसून होते. ज्यांनी साहेबाची झोप मोडू दिली नाही, त्यांना आज चार माणसं ढकलत होती. एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर, कडेला, गाडी उभी राहिली. दुकानापुढच्या बाकावर दोघेजण बसले होते, त्यांना बसल्याजागी करमणूक झाली.

जावयानं खिडकीतून हात आत घालून दांडा हलवून बघितला. मग उस्तादांच्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, जाऊ दे. विकत घेतानाच तिचा गिअरबॉक्स कुरकुरत होता. आज ना उद्या जाणारच होता."

उस्तादांनी त्याचे ओठ वाचले. तो खोटं बोलतोय हे ओठांवरूनही कळत होतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

व्याही जरा वरमले होते. आपणच हट्ट धरला हे त्यांना टोचत असावं. "होतं असं," ते विहीणबाईंना म्हणाले, "शेवटी वय आहे." ते त्यांच्याकडे बघून बोलले नसूनही उस्तादांना नेमका 'वय' हा शब्द स्पष्ट ऐकू आला.

मग ठरलं, की व्याह्यांना मागे बसवून जावई ओळखीच्या मेकॅनिकला आणायला जाईल. विहीणबाईंना चक्कर आल्यासारखं होत होतं, त्यांना घेऊन उस्तादांची बायको चालत घरी जाईल, घर काही लांब नव्हतं. जाताना बायको उस्तादांच्या खिडकीशी थांबली. त्यांच्या शर्टाच्या कॉलरला लागलेलं काहीतरी झटकलं आणि गेली. त्या झटकण्यात उस्तादांना कळलं, की हिला किती वर्षांपासून सगळं माहीत आहे, आणि ही किती ठिकाणी आपली बाजू सावरत आली आहे.

"मी थांबते गाडीपाशी," लेक नवऱ्याला म्हणाली.

सगळे गेले. लेक मागच्या सीटवर बसून राहिली. उस्ताद पुढे, हात स्टिअरिंगवर, जणू अजून कुठे जायचं होतं. उतरून घरी चालत जावं आणि दार लावून घ्यावं असं त्यांना वाटत होतं, पण बाकावरच्या दोघांसमोरून जायचा धीर होईना. आरशात लेकीचे ओठ हलले. पुन्हा हलले. चेहऱ्यावरून ती काहीतरी विचारत होती. "हो ना" म्हणून भागलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता.

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांनी नजर खाली घातली. स्वतःचे गुडघे दिसले, आणि सीटखालून पुढे आलेला डावा पाय.

लेक उतरली, पुढचं दार उघडून त्यांच्या शेजारी येऊन बसली. तोंड त्यांच्याकडे करून तिनं विचारलं, "कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"आईला माहीत आहे?"

"मी सांगितलं नव्हतं. तिला आहे."

तिनं समोरच्या काचेतून पुलाकडे पाहिलं. मग वळली. "मी एकटी आले होते त्या दिवशी. आई बाजारात गेली होती. तुम्ही मागच्या दारी कुंड्यांना पाणी घालत होतात. आठवतंय?"

उस्तादांना आठवत होतं. ती मागे येऊन उभी होती. पाइप हातात असल्यामुळे ते वळले नव्हते. ती काहीतरी बोलतेय एवढं जाणवलं होतं, थांबल्याचंही जाणवलं होतं. मग वळून त्यांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती तोंड पुसत होती. ऊन होतं. घाम पुसतेय असं त्यांना वाटलं.

"तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय?"

ते आठवत नव्हतं, पण तीनच शब्द होते. "काय म्हणालो?"

"'उत्तम. असंच चालू दे.'" ती म्हणाली. "आणि हसलात."

"तू काय सांगितलं होतंस?"

तिनं बाकाकडे पाहिलं. ते दोघे अजून गाडीकडेच बघत होते, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता मान वर करून बघत होता. तिनं ओठ उघडले आणि मिटले. उस्तादांना समजलं. ती गोष्ट हळू आवाजात सांगायची होती, तशी ती एकदा सांगून झाली होती. आता त्यांच्यापायी ती भर रस्त्यात ओरडून सांगावी लागणार होती.

त्यांनी आपल्या दाराचं हँडल फिरवून काच वर केली. मग तिच्या अंगावरून वाकून तिच्या बाजूची काच वर केली. दार उघडून उतरले. बाकावरच्या दोघांसमोरून गेले, मागचं एक दार उघडून तिथली काच चढवली, वळसा घालून दुसरी चढवली. एक हँडल घट्ट होतं, ते दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. मग परत येऊन बसले आणि दार ओढून घेतलं. आत लगेच उकडायला लागलं.

"आता सांग," ते म्हणाले. "मोठ्यानं सांग. माझ्याकडे बघून."

"मला दिवस गेले होते, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली.

हे त्यांना ऐकू आलं. त्यांचा चेहरा उजळायला लागला, आणि ती बघत होती. तिनं पटकन मान हलवली.

"राहिलं नाही. तिसऱ्या महिन्यात." तिचा आवाज मधेच चिरकला, पुढचं उस्तादांपर्यंत आलं नाही.

"पुन्हा सांग."

"तिसऱ्या महिन्यात पडलं. हे बाहेरगावी होते. मी एकटीच दवाखान्यात गेले. सासूबाईंना अजून माहीत नाही. आईला सांगितलं असतं तर ती आधी रडली असती, मग मलाच तिची समजूत घालावी लागली असती." ती आता खरोखर ओरडत होती आणि रडत होती. "म्हणून तुमच्याकडे आले. वाटलं, तुम्ही मधे बोलत नाही. नुसतं ऐकून घेता."

उस्ताद तिच्या ओठांकडे बघत होते, एकही शब्द सुटू नये म्हणून. ती बोलायची थांबली तरी बघत राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. जिभेवर तेच तीन शब्द होते, इतक्या वर्षांत तिथं दुसरं काही उगवलंच नव्हतं. त्यांनी तिचा हात धरला. तो त्यांच्या हातापेक्षा गरम होता.

"मी म्हटलं होतं, उत्तम," ते म्हणाले.

"हो."

"तू घरी कशी गेलीस?"

तिला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "चालत," ती म्हणाली. मग लक्षात येऊन पुन्हा, मोठ्यानं, "चालत गेले. बराच वेळ चालले."

त्यांनी मान हलवली. आपण त्या वेळी पाइप गुंडाळून ठेवला असेल, पेपर वाचला असेल, जेवलो असू. तिची आई बाजारातून आल्यावर तिला सांगितलंही असेल, लेक येऊन गेली, मजेत आहे.

काचेवर टकटक झाली, म्हणजे लेकीची मान तिकडे वळली म्हणून उस्तादांनी पाहिलं. बाकावरच्या दोघांपैकी एकजण उठून आला होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलंच असतं, की गाडी मोडली म्हणून मुलगी म्हाताऱ्या बापाला फाडून खातेय. तो वाकून आत बघत होता, हातवारे करून विचारत होता, काय झालं, काही हवंय का. त्याच्या मागे पंक्चरवालाही येऊन उभा राहिला होता.

लेकीनं गडबडीनं डोळे पुसले आणि काच खाली करायला हँडलला हात घातला.

"राहू दे," उस्ताद म्हणाले. त्यांनी त्या माणसाकडे पाहून हातानं, काही नको, जा, अशी खूण केली. तो हलला नाही तरी पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. ते सीटवर तिरके वळून बसले, उजव्या हाताचा पंजा वाकवून कानामागे धरला आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"दवाखान्यात काय झालं?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून सांग."